धण्याचा माफीनामा

विश्रांतवाडीच्या थांब्यावर शर्मिला बसची वाट पाहत बसली होती. त्याच बाकावर एक गृहस्थ आणि त्यांची कॉलेजातली मुलगी होती. शर्मिलाने मोबाइल काढला खरा, पण कान तिकडेच लागले.

"मैत्री, सरांना नक्की काय बोललीस?"

"त्यांनी धणा दाखवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, शुष्क फळ. ते म्हणाले, बी."

"मग बी म्हणून मोकळं व्हायचं."

"पण नाहीये ना ते बी! वाटाण्याची शेंग वाळली की उकलते आणि बिया बाहेर पडतात. धणा उकलत नाही. रगडला की त्याचे दोन भाग होतात आणि बी प्रत्येक भागाच्या आतच राहते. आजी नाही का पेरण्याआधी रगडत?"

"रगडते. मग?"

"मी आजीचं नाव घेतलं, तर वर्गासमोर म्हणाले, तुमच्या घरी शिकलेलं कोणी आहे का?"

"हे काल नाही सांगितलंस."

"आईला लागलं असतं."

"आणि आता माफीनामा हवाय त्यांना?"

"पालकांच्या सहीचा. नाहीतर प्रॅक्टिकलला बसू देणार नाहीत."

"वाच, काय लिहिलंस."

"'माझा आवाज चढला, त्याबद्दल क्षमस्व. धणा मात्र फळ आहे.'"

बस आली. शर्मिला उठली नाही.

"'फळ आहे' नको. 'फळच आहे' लिही. मग पेन दे."

मुलीने 'च' घातला. वडिलांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि पूर्ण नाव लिहून सही केली.