तोदोरा मोठी की झिवाना

—नाही, यंत्र राहू दे टेबलावर, पण त्यातून गाणं लावू नकोस. माझं बोलणं टिपून घे तुझ्या पेपरासाठी, हवं तेवढं. रेडिओवाल्यांना आता गायिका मोजायची हौस आलीय – तोदोराची सप्तकं किती, झिवानाची किती, श्रोत्यांनी मतं पाठवा. अगं, त्या गायिका आहेत की विजेचे खांब? या नीश शहराच्या पेपरात मी उभी हयात गाण्यावर लिहिलं, भांडलो, दोनदा हाकलला गेलो, पण असला अडाणीपणा छापला नाही कधी.

बरं, घे लिहून. तोदोरा – जवळजवळ तीन सप्तकं. वर जायची ती अशी, की दोन सुरांमधला सांधा दिसायचा नाही. दमसास तर असा, की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. झिवाना – दीड सप्तकही धड नाही. खर्ज दाणेदार, किंचित फुटका. आणि तिचं ते प्रसिद्ध गाणं – शेवटच्या कडव्यात सूर वर जायला हवा, तिथे ही बाई खाली उतरते आणि शब्द नुसता बोलून टाकते. मी लिहिलं होतं, ही परीक्षेत अवघड प्रश्न कोरा सोडते. गुत्त्यात लोक टाळ्या देऊन म्हणायचे ते वाक्य. घरी मात्र दोन दिवस मला कालचं सूप मिळालं.

नेवेना – बायको माझी – झिवानाची भक्त. म्हणायची, "तुझी तोदोरा शिडी चढते, वर पोचते, टाळ्या घेते. पण गेली कशाला होती वर?" मी म्हणायचो, "तुझी तर पहिल्याच पायरीवर बसून रडते." असं रोज. शरदात अंगणात मिरच्या भाजायला बसली की मुद्दाम तेच गाणं घ्यायची आणि शेवटच्या कडव्यात, झिवाना सोडते ना, तिथे ही वर जायची. आवाज थोडा चिरायचा. धुरातून माझ्याकडे बघायची – "हं, लिही आता पेपरात."

ती गेली तेव्हा रीतीप्रमाणे रेडिओवर कापड टाकलं. चाळीस दिवस घरात गाणं नको. नंतर ते काढलंच नाही. तिसरं वर्ष आहे. शेजारची मिलुन्का म्हणते, "काका, पुरे आता, मेलेल्यांनाही कंटाळा येतो." तिला वाटतं मी शोक करतोय. शोक कसला – मी राखण करतोय. नेवेनाची टेप नाही माझ्याकडे. मिरच्या भाजणाऱ्या बायकोची टेप करतं कोण? जी काही आहे ती इथे, या कानात. आणि ती झिवाना – टॅक्सीत आहे, न्हाव्याकडे आहे, लोकांच्या लग्नांत आहे. जरा ऐकली की नेवेनावर चढून बसते, दोघींचा खर्ज सारखाच, मला वेगळं करता येत नाही. म्हणून मी खिडक्या लावतो. लग्नांना जात नाही. आणि घोटाळा झालाच तर शेवटच्या कडव्यापर्यंत थांबतो – तो वरचा सूर आला की ओळखतो, ही माझी. तो झिवानाकडे नाहीच.

काय? आहे? कुठे आहे? नाही गं पोरी, कुणीतरी फसवलंय तुला. मी तिचे सगळे कार्यक्रम ऐकलेत, वरचा सूर तिच्या गळ्यातच नव्हता. लेस्कोवात्सला? कुणाच्या बारशात? असल्या घरगुती टेपवर कुणीही गात असेल, कुणाचीही मावशी – हसू नकोस. तुझ्या जन्माआधीपासून मी या बायकांचे गळे ओळखतो. तू मला शिकवणार? लाव. लाव म्हणतो ना. दोन ओळींत सांगतो कोण आहे ते.

हं... हा अकॉर्डियन तिच्याकडचाच. आवाज... हो, तीच आहे. तरुण आहे बरीच. पुढे जाऊ दे. आता खाली येईल बघ, आता नुसतं बोलेल, आता—

बंद कर.

चिरला. तुला ऐकू आलं? तिथेच चिरला, अगदी तिथेच... थांब, बोलू नकोस जरा. मिरच्या होत्या, धूर होता, तिने वर बघितलं, तोंड उघडलं आणि – नाही, हा अकॉर्डियन वाजतोय. अंगणात अकॉर्डियन नव्हता. परत आठवतो. तिने वर बघितलं आणि...

उचल ते यंत्र. हो, छाप, झिवानाला वरचा सूर होता, मी चुकलो, घाल माझ्या नावाने. कॉफी राहू दे तशीच. जा आता. आणि जिन्यात गुणगुणू नकोस.