ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याच्यासमोर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉ. विमला परुळकर, संस्थेचे विश्वस्त हर्षदभाई, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि व्यासपीठावरची खुर्ची नाकारून हट्टाने पहिल्या रांगेत बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, इंग्रजीच्या प्राध्यापिका वनमाला धिवार मॅडम.

मॅडम तिथे का बसल्या आहेत ते मला माहीत आहे. शेवटी सांगतो.

मी मराठी शिकवतो आणि वक्तृत्व स्पर्धेची मुलं तयार करतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कोणत्या शब्दाला समोरच्याचा गळा दाटून येतो, हे माझं काम. मॅडम तेच उलट्या बाजूने शिकवत आल्या. विषमतेवरचं लेखन हा त्यांचा पेपर. परदेशातल्या वर्णभेदाबद्दल, आपल्याकडच्या जातीबद्दल लोक लिहितात, तेव्हा वाचणाऱ्याला नेमकं कशाने हलवतात? आकडे कधी पुढे करतात, एकच चेहरा कधी दाखवतात? आणि वाचणारा हलल्यावर पुढे काय करतो?

हा शेवटचा प्रश्न त्यांनी एकदा मलाच विचारला होता. माझं गाव देवरुखच्या पुढे. आमची शाळा देवळाच्या पडवीत भरायची. त्याच देवळात उत्सवाला कीर्तन व्हायचं. देवाच्या दारी सगळे सारखे, हा भाग बुवा असा रंगवायचे की सगळा मंडप डोळे पुसायचा. आणि गावातली काही माणसं तेच कीर्तन पायऱ्यांच्या खाली उभी राहून ऐकायची. माझी आई रडायची, मीही रडायचो. ते रडणं खोटं नव्हतं. आजही मी देवापुढे दिवा लावल्याशिवाय चहा घेत नाही. स्टाफरूममध्ये मी ही आठवण मोठ्या कौतुकाने सांगितली, तर मॅडम म्हणाल्या, "मग सर, दुसऱ्या दिवशी पायऱ्यांचं काय झालं?"

काही झालं नव्हतं. सगळे रडून हलके झाले होते आणि आपापल्या कामाला लागले होते. बुवा कमी पडले की आम्ही? की एकदा रडलं म्हणजे काम झालं, असंच माणसाला वाटतं? मला अजून नीट कळलेलं नाही.

मॅडमच्या विभागाची एक रीत आहे. एखाद्या माणसावरच्या अन्यायाबद्दल लिहिलेलं काहीही विभागाबाहेर जायचं असेल, तर आधी त्याच माणसाला खुर्चीत बसवायचं, आणि लिहिणाऱ्याने उभं राहून त्याला वाचून दाखवायचं. मग तो काय म्हणतो ते ऐकायचं. विद्यार्थ्यांना याचा फार राग यायचा.

तीन वर्षांपूर्वी आमची मनाली दुसऱ्या वर्षाला होती. वक्तृत्वात तिचा हात धरणारं उपनगरात कोणी नव्हतं. मुलुंड पूर्वेला ती राहते त्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर जोसेफात राहायचा. टांझानियाहून बी.कॉम.ला आलेला आपलाच विद्यार्थी. फार वणवण करून त्याला ती खोली मिळाली होती. जिथे जाईल तिथे मालक सांगायचे की बाथरूमचं काम निघालंय. हे त्याने विभागात सांगितलं तेव्हा मॅडम मोठ्याने हसल्या होत्या. त्यात हसण्यासारखं काय, ते आम्हाला कळलं नाही.

आता त्या सोसायटीच्या सभेपुढे ठराव आला होता, की परदेशी भाडेकरू ठेवू नयेत. तो मंजूर झाला असता तर परीक्षेच्या तोंडावर जोसेफातला खोली सोडावी लागणार होती. मनालीने ठरवलं, आपण सभेत बोलायचं. वर्णभेदावरचं स्पर्धेचं भाषण तयार होतंच. सुरुवात अशी होती: "अंधाराच्या लेकरा, तुझ्या अश्रूंना समाजाने कधी किंमत दिली का?" 'अश्रूंना'नंतरचा थांबा माझा होता.

रीतीप्रमाणे जोसेफात खुर्चीत बसला. मनाली उभं राहून वाचत गेली, मॅडम त्याला अर्थ सांगत गेल्या. त्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मॅम, इसमें मैं बहुत रोता है."

मनालीने कागद खाली घेतला. तो पुढे म्हणाला,

"मैं कब रोया? मेरे को गुस्सा आया था. और अंधेरा किधर है? मेरे रूम में दो ट्यूबलाइट है."

सगळे हसले, तोही हसला. मग मनालीकडे वळून त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "और ये 'समाज' कौन है? मेरे को तो चेअरमन अंकल बोला, मैं है तब लिफ्ट में मत आ."

ते चेअरमन म्हणजे राजारामकाका. वडील गिरणीत होते, मूळ गाव कुडाळकडचं. मनाली त्यांना लहानपणापासून ओळखते. त्यांचं नाव भाषणात कुठेच नव्हतं. आणि मला तेव्हा जाणवलं, की 'समाज' हा शब्द आम्हा शिकवणाऱ्यांना एवढा का आवडतो. समाजाला कितीही बोला, सगळं सभागृह टाळ्या वाजवतं. कारण प्रत्येकाला वाटतं, समाज शेजारच्या खुर्चीवर बसलाय.

मनाली जिद्दीची. तिने सगळं नव्याने लिहिलं. अश्रू गेले, अंधार गेला, आणि राजारामकाका आले. पण असे आले, की त्यांच्यापुढे रावण बरा वाटावा. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "छान. आता हे काकांना वाचून दाखव."

"मॅडम, काय बोलताय? ते दारातून हाकलतील मला."

"आता हे त्यांच्याबद्दलपण आहे ना गं? मग त्यांनाही खुर्ची नको का?"

"मग तुम्ही चला ना."

"मी आले तर ते माझ्याशी बोलत बसतील. सरांना घेऊन जा. कोकणातले आहेत, तेवढाच आधार."

असा मी आधार म्हणून गेलो. काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मनालीने उभं राहून वाचलं. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "ह्या नराधम-बिराधम काढ. ता मी नाय. पण लिफ्टीचा मी म्हटलंय, ता खरा आसा."

मनालीने विचारलं, "पण का, काका?"

स्पर्धेत ती असे प्रश्न ढिगाने विचारायची. उत्तराची वाट बघत तिने प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच पाहिला. काकांनी रिमोट बाजूला ठेवला.

"माका म्हायत नाय गो. तो आत असलो की माझो पाय पुढे जाणा नाय. त्येना माझा काय केल्यान? कायएक नाय."

वर्णभेदावर मी पुष्कळ ऐकलंय, वाचलंय. पण हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. ते लिहिणार कोण? ज्याचा पाय अडतो तो लिहीत नाही, आणि जो लिहितो त्याला वाटतं, आपला पाय अडतच नाही.

सभा इमारतीखाली, गाड्या हलवून मांडलेल्या खुर्च्यांवर झाली. मनालीने भाषण केलंच नाही. ती उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "जोसेफातला खोली सोडायला सांगायचा विषय आहे. तो इथे आलाय. जे विचारायचं ते त्यालाच विचारा." आणि बसली.

मग लोकांनी विचारलं. रात्री गाणी एवढी मोठ्याने का लावतोस? ते खरं होतं, त्याने कबूल केलं. कोणी विचारलं, "तेरे उधर सोसायटी होती है क्या?" तो म्हणाला, "होती है. उधर भी चेअरमन होता है." त्यावर राजारामकाकाही हसले. ठरावावर हात वर करायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, "ह्यो विषय फुडच्या सभेत घेवया."

पुढच्या सभेत गच्चीची गळती निघाली. त्याच्या पुढच्या सभेत रंगकाम. जोसेफात पदवी घेऊन गेला तरी विषय विचाराधीनच होता. सोसायटीचा कारभार संथ असल्याचा कोणाला तरी असा उपयोग झाला. काका काही बदलले असं मी म्हणणार नाही. जोसेफात लिफ्टपाशी असला की ते शेवटपर्यंत जिन्यानेच जात. फक्त लिफ्टचं दार धरून म्हणत, "तू जा रे वर."

मनालीने पुढे स्पर्धेत हीच हकिगत साधेपणाने सांगितली. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांचा शेरा होता, विषय चांगला, भावना कमी पडली. तिने मला विचारलं, "सर, रडले असते तर पहिली आले असते ना?" मी हो म्हटलं. "मग तुम्ही आम्हाला काय शिकवताय?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. सापडलं की तिला कळवेन.

आता पहिल्या रांगेबद्दल. हे भाषणही त्या रीतीतून सुटलेलं नाही. गुरुवारी रिकाम्या वर्गात मॅडमना खुर्चीत बसवून मी ते वाचलं. आपण सगळे सत्काराला लिहितो तसंच मी लिहिलं होतं: "प्रतिकूल परिस्थितीवर मात करून मॅडम या पदापर्यंत पोहोचल्या." तिथे त्यांनी मला थांबवलं.

"सर, ही परिस्थिती कुठे राहते?"

"म्हणजे?"

"माझी मुलुंडला, स्टेशनच्या मागे राहायची. नवी नोकरी, मी खोली बघायला गेले. मालकांनी चहा दिला, पुस्तकांची चौकशी केली. मग पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकलं आणि म्हणाले, बाथरूमचं काम निघालंय, महिन्याभराने या. मी गेले. दुसऱ्या कोणाचे तरी कपडे वाळत होते."

त्या दिवशी त्या का हसल्या होत्या, ते मला गुरुवारी कळलं.

मी विचारलं, "हे बोलू का?" त्या म्हणाल्या, "बोला. पण त्यात मला रडवू नका. मी रडले नव्हते. घाटकोपरला मावशीकडे राहिले आणि ठरवलं, घर घ्यायचं ते त्याच रस्त्यावर. घेतलं."

"आणि मालकांचं नाव?"

"नाव मला पाठ आहे. पण ते आता हयात नाहीत. त्यांना समोर बसवून वाचून दाखवता येणार नाही. तेव्हा नाव नको."

म्हणून ते नाव मी घेत नाही. भाषणातून परिस्थिती मात्र काढून टाकली आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. अध्यक्षांनी वेळेकडे काणाडोळा केला, त्यांचेही आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. ही विनंती बाकीच्यांना. मॅडमना ती करता येत नाही. त्या इतका वेळ समोर बसल्यात ते ऐकण्यासाठीच.

मॅडम, उठू नका. माईक मी खाली घेऊन येतो. कुठे चुकलं, सांगा.