दादाच्या पत्रातला ताग

सांगू नकोस असं आबांनी बजावलंय, पण तुम्ही मैत्रिणी. दादा लढाईवर गेल्यापासून घरात वाचता मला एकटीलाच येतं. मुरमाड रान सुधारायला आबांनी ताग पेरला होता, खोल नांगरून मातीत गाडायलाच. पण तो फुलांनी पिवळा झाला आणि आई नांगरापुढं आडवी आली.

"आवं, उभ्या पिकावर नांगर घालताय? पोरगं लढाईवर हाय."

आबांनी दादाचं पत्र माझ्या हातात दिलं. "त्यानंच लिवलंय. वाच गं."

पत्रात तागाचं नावही नव्हतं. मी वाचलं, "आई, ताग गाडू दे. मी आल्यावर तिथं ऊस लावू."

आई बाजूला झाली. आता रोज म्हणते, "ते आल्यावरचं परत वाच." म्हणून मी दादाला कळवलंय, की पुढच्या पत्रात तेवढं एक वाक्य खरंच... आले गं आई.