कपिला उठली

लिंबागणेशच्या गजाननास वंदन करून सांगतो. निजामाच्या अमदानीतला दुष्काळ. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार गावी आला. चित्र पाहून सरकार चारा धाडील, अशी आम्हांस आशा होती.

शेजारच्या दगडूची कपिला गाय भुकेने आडवी पडलेली. छायाचित्रकार दगडूला म्हणाला, "गाय या कडेला, तू त्या कडेला. मधे भेगाळलेली जमीन दिसू दे."

"सायेब, म्या म्होरं आलो की ती उठती."

"तिच्यात जीव कुठे उरलाय? जा."

दगडू समोर जाताच कपिला थरथरत उभी राहिली. त्याच क्षणी चित्र निघाले, आणि कॅमेऱ्यात घालायची शेवटची काच संपली. मग ती कोसळली, ती कायमचीच.

छापलेले चित्र पाहून तहसीलदार म्हणाले, "गाय तर उभी आहे. कसला दुष्काळ?"

पांडुरंग तुम्हां सर्वांच्या घरी धान्य आणि गोठ्यात वैरण अखंड ठेवो.