उलट बाजूची खाच

(शिवणकामाचं छोटं दुकान, दुपार. आत्या कापायच्या टेबलामागे, इस्त्रीवाले काका कोपऱ्यात, भाची गिऱ्हाइकाच्या स्टुलावर.)

आत्या : ...'आत्या या वस्त्रोद्योग क्षेत्रातील उद्योजिका आहेत.' ही बाई कोण गं? आपल्या ओळखीतली आहे का?

भाची : अर्ज तुला वाचायला दिला नव्हता. तू फक्त मुलाखत घ्यायचीस.

काका : माझं काही लिहिलंय का त्यात?

भाची : नाही हो काका.

आत्या : लिहिलं असतं तर तुम्ही 'उष्णता तंत्रज्ञ' झाला असतात.

काका : चाललं असतं की.

भाची : उद्या मुलाखत आहे! मेंदूविज्ञानाच्या पीएचडीला सहा जागा, आणि तुम्हाला थट्टा सुचतेय. तयारी वर्गाच्या ताईंनी बजावलंय, ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही त्यांनी घरीच सराव करा, तोंड उघडायची सवय होते. परीक्षक तिघं असतात. एक गोड बोलतो, एक सारखा मध्येच तोडतो, एक नुसता छताकडे बघतो.

काका : छत माझं.

आत्या : तोडायचं काम मी करते. पण गोड कोण बोलणार?

भाची : तो रजेवर आहे असं समजू.

आत्या : बरं. या, बसा. तुम्ही म्हणे मेंदूचे कागदाहून पातळ काप ब्रशवर उचलून काचेवर पसरता, आणि एकही फाटत नाही. कुठे शिकलात?

भाची : प्रयोगशाळेतल्या प्रशिक्षणात.

काका : अहं... खॉक.

आत्या : छताला खोकला झालाय. आता तुमची एखादी चूक सांगा.

भाची : मी कधीकधी गरजेपेक्षा जास्त मेहनत करते.

आत्या : ही चूक सांगतेयस की स्थळ बघायला आलंय? काल अकरा वाजेपर्यंत लोळत होतीस!

काका : खाचेचं सांग की.

भाची : काका! तुम्हाला विश्वासाने सांगितलं होतं.

आत्या : कसली खाच? यांना माहीत आणि मला नाही?

भाची : ...ऐक. पण ओरडायचं नाही. उंदराच्या मेंदूच्या उजव्या बाजूला पेशी वाचवणारं औषध द्यायचं आणि डावी तशीच ठेवायची, तुलनेला. मग काप पाडायचे. काचेवर गेले की डावं-उजवं ओळखू येत नाही. म्हणून आधीच डाव्या बाजूला बारीक खाच मारून ठेवायची.

आत्या : बाहीला मारतो तशी.

भाची : तशीच. माझा हात बसलेला, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आणि मी तू शिकवलंस तसं केलं. खूण नेहमी उलट बाजूने करायची.

आत्या : मग बरोबरच केलंस.

भाची : कापडाला बरोबर! मी मेंदू उताणा ठेवला आणि माझ्या डाव्या हाताला खाच मारली.

आत्या : अगं बाई! उलटं केलं की डावं ते उजवं.

भाची : तेवीस मेंदू, आत्या. तीन आठवडे. औषध दिलेली बाजू मरगळलेली दिसायला लागली आणि न दिलेली टवटवीत. प्रयोगशाळेच्या मॅडम हरखून गेल्या. सगळे म्हणतात त्याच्या बरोब्बर उलट निष्कर्ष! लेख लिहायला बसल्या.

आत्या : तुला कधी कळलं?

भाची : इथेच. तू एका कोटाची बाही सुलटी केलीस आणि इकडची खाच तिकडे गेली. मी जेवण टाकून पळाले.

आत्या : पोटात दुखतंय म्हणून गेलीस तो दिवस!

काका : दुखतच होतं तिच्या.

आत्या : मॅडमना सांगितलंस?

भाची : सांगितलं. नसतं सांगितलं तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी लिहिलेला लेख बाजूला सारला. मग म्हणाल्या, पुन्हा मोजू. आता तिथे पाटी लावलीय, 'खाच मारण्यापूर्वी मेंदू सुलट आहे ना?'

आत्या : खाली माझ्या दुकानाचं नाव टाकायला सांगायचंस.

भाची : बघ! म्हणूनच तुला सांगत नव्हते.

आत्या : पण एवढी अस्सल चूक पदरी असताना ती मेहनतीची नक्कल कशाला?

भाची : कारण चूक सांगितली की दुकान आलंच. मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या एकाने त्याच्या आईच्या लाँड्रीबद्दल सांगितलं. परीक्षकांनी डोळे पुसले, पाठ थोपटली आणि कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. जागाही दिली नाही. मला तुझी लाज नाही वाटत गं. मला त्यांची कीव नकोय. मला प्रश्न हवेत.

आत्या : कीव? माझी? इथे गिऱ्हाईक तीन-तीन आठवडे थांबतं माझ्यासाठी! तू रडगाणं नको गाऊस. चूक कशी झाली, कशी सापडली, कशी निस्तरली, एवढं सांग. दुकान आपोआप येईल. आणि त्या उद्योजिकेला आधी घालव.

काका : मी एक विचारू?

भाची : छत बोलत नाही, काका.

काका : तरी. पुन्हा मोजल्यावर औषध लागू पडलेलं निघालं का?

भाची : निघालं! थोडंसंच. पण गंमत ऐका, मेंदूच्या पुढच्या भागात पेशी जास्त वाचल्या, मागे जवळपास नाहीच. एकच औषध, एकच उंदीर! असं का, ते मॅडमनाही माहीत नाही. मला तेच शोधायचंय, पाच वर्षं लागली तरी. म्हणून तर ही जागा...

काका : ही अशी बोलायला लागली की छताकडे बघवत नाही.

आत्या : बस पुन्हा. पहिल्यापासून. काप पसरायला कुठे शिकलात?

भाची : आत्याच्या दुकानात. सातवीत होते. तिने अस्तराचं निसरडं कापड दिलं आणि म्हणाली, सुरकुती न पाडता पसर. महिनाभर तेवढंच. मी रडले, तरी कात्री हातात दिली नाही. आता ओला काप ब्रशवर आला की माझा हात तिच्यासारखा थांबतो, श्वास सोडतो आणि मगच खाली जातो.

काका : ...बाई, पुढचा प्रश्न.

आत्या : थांबा जरा. दिसत नाही का, सुईत दोरा ओवतेय.

काका : हातात कात्री आहे तुमच्या.