हैबतरावांच्या आईचं गाडगं

पाणी अडवलं की पुण्य लागतं — बरोबर ना मंडळी? मग मला सांगा, अडवलेलं सोडून दिलं तर काय लागतं? पाप? थांबा, घाई नको. आधी ऐका!

कुसुमी नदीच्या काठी राहायचे हैबतराव देशमुख. भारी धार्मिक! नदीवर दगडी बंधारा घातला, वर संगमरवरी पाटी — 'हैबतसागर'! गावाची तहान भागावी म्हणून? छे हो! गावाला विहिरी होत्या. ह्यांना होडीत बसून हवा खायची होती!

खालच्या अंगाला भोयांची वस्ती. तिथं नदी आटली, मासळी गेली, निम्मी घरं उठून गेली. धुरपदा भोईण वर आली. "मालक, नदी सोडा की!"

"पाणी माझ्या बंधाऱ्यातलं आहे, धुरपदे!" — जसा काही पाऊस ह्यांच्या परसात शिजायचा! घरात म्हातारी आई रोज सांगायची, "हैबत, जाऊ दे रे नदीला." ऐकतो कोण?

एक दिवस आईच गेली.

त्या खोऱ्याची रीत अशी — अस्थी ओतायच्या नाहीत. गाडग्यात भरायच्या, तोंडाला फडकं बांधायचं आणि वाहत्या पाण्यात सोडायचं. गाडगं नजरेआड झालं की माणूस सुटलं. हैबतरावांनी हात जोडून गाडगं सोडलं हैबतसागरात. सकाळी बघतात तर — पायरीशी! ढकललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! तिसऱ्या दिवशी शेजारी म्हशी डुंबतायत! हसताय? अहो, त्या माणसाचं काळीज फाटलं!

गाडगं छातीशी धरून ते वस्तीवर, धुरपदाच्या घरात गेले. "धुरपदाबाई, आई जाईना हो! वाहतं पाणी कुठं मिळंल?"

धुरपदानं वर आढ्याकडं बोट दाखवलं. "पाच वरसं झाली, मालक. आमच्या ह्यांचं गाडगं अजून आढ्याला टांगलंय."

मंडळी, पाच वर्षं! ती बाई त्या गाडग्याखाली भाकरी थापत होती!

दुसऱ्या दिवशी हैबतरावांनी स्वतः पहार उचलली. वस्ती मदतीला आली. दोन दिवसांनी शेवटचा दगड निघाला आणि कुसुमी अशी सुटली! हैबतराव म्हणाले, "बाई, आधी तुमच्या ह्यांचं." मग आईचं. दोन्ही गाडगी वळणापलीकडं गेली, आणि देशमुख लेकरासारखे रडले.

पुढच्या साली मासळी आली, माणसंही परतली. पाटी? आहे ना! धुरपदा तिच्यावर लुगडी धुते — संगमरवर चांगला आहे म्हणते!

आता टाळ्या नकोत. घरी जा, डोळे मिटा आणि आठवा — तुम्ही काय अडवून धरलंय, आणि त्यापायी कुणाचं गाडगं आढ्याला टांगलेलं आहे?