माल हाये, पण भाव न्हाई!

...अन वर मलाच म्हणत्यात, ‘सोमेश्वरराव, तुम्हाला कंप्युटर जमंना!’ आवं, मला जमतोय हो तो, त्यालाच मी जमंना, त्याला मी काय करू? जालन्यात गाड्यांच्या शोरूमला स्पेअर पार्टच्या काउंटरवर केस पिकले माझे. डोळे मिटून सांगतो, कोणतं बेअरिंग कोणत्या खणात हाये! पण औंदा आमच्या मालकांनी, अण्णासाहेबांनी, नवं सॉफ्टवेअर आणलं अन हुकूम काढला, ‘बिल निघाल्याबिगर खिळाबी बाहेर जायला न्हाई पाह्यजे!’ बरं बुवा. अन काल, तुम्हाला सांगतो, बारा जूनला, कंपनीचे नवे भाव लागू व्हायचे व्हते. सकाळी उघडून पाहतो तं... सगळ्या पार्टांपुढं शून्य! बोल्टाला शून्य, बंपरला शून्य, अन शून्याचं बिल काही निघंना! माल हाये, पण भाव न्हाई!

अन नेमके तवाच आले टेंभुर्णीचे भुजंगराव. गाडी ढकलत! मागं त्यांची पोरगी मीना, शालू नेसून, गजरा माळून. अन त्यांची आई तुळजाबाई, ठेवणीतलं लुगडं. क्लचची वायर तुटल्ती हो, जालन्यात शिरता शिरता, अन संध्याकाळी अंबडला मीनाचा साखरपुडा! आमच्या सेल्सवाल्यांना काय माहीत? नटूनथटून आलेत म्हंजे नवी गाडीच घ्यायला आलेत! धावले पाणी घेऊन, अन तुळजाबाईला नव्या गाडीत बसवून एसीसुद्धा लावून दिला!

वायर माझ्या पाठीमागं, खुंटीला. भुजंगराव म्हणत्यात, ‘ती काय लटकून राह्यली, ती द्या की!’

‘दिली असती हो, पण भाव न्हाई.’

‘म्हंजे?’

‘माल हाये, पण भाव न्हाई!’

नव्या गाडीच्या खिडकीतून तुळजाबाई वरडल्या, ‘आरं बाबा, भाव न्हाई तं फुकट दे ना!’

अण्णासाहेबांना फोन लावला. ते कोणाच्या तरी लग्नात, मागं बँड. ‘साहेब, हातानं बिल करू का?’ ‘बिलकुल न्हाई!’ ...ठेवला की फोन!

मंग लावला पुण्याला, सॉफ्टवेअरवाल्यांना. ‘नमस्कार सर, मी भार्गवी, आपल्याला काय मदत करू शकते?’ काय तो आवाज, साखरेच्या पाकातला! ‘सर, बंद करून पुन्हा चालू करा.’ केलं. शून्य. ‘सर, पार्टचा गट तपासा.’ तपासला. शून्य. ‘सर, आपण भावाचं सूत्र बदलून पाहू या.’ बदललं... अन वायरीला एकदम इंजिनाचा भाव! भुजंगराव खुर्चीवरून ताडकन उठले, ‘एवढ्यात दुभती म्हैस येती हो! शून्यच बरं व्हतं!’

तेवढ्यात भुजंगरावांना अंबडहून नवरदेवाकडच्या पाहुण्यांचा फोन. ‘कुठवर आलात? गाडी पाठवू का?’ ‘नको नको, आलोच, हे काय, निघालोच जालन्यातून!’ अन फोनवर हात ठेवून मला म्हणत्यात, ‘पोरीच्या बापानं नवरदेवाच्या गाडीत बसून साखरपुड्याला जायचं? काय इज्जत राह्यली मंग?’ अन ती मीना... नुस्ती रुमालाच्या टोकानं डोळ्याच्या कडा टिपून राह्यली, काजळ पसरू नये म्हणून. तवा मात्र, तुम्हाला सांगतो, मी फोनवर त्या भार्गवीवर चिडलोच.

म्हणलं, ‘बाई, ते सूत्रबित्र ठेव बाजूला! हितं नवरी बसून राह्यली, गजरा सुकून राह्यला, अन तुझा डबा शून्य दाखवून राह्यला!’

तिकडून हळूच, ‘काका... तुम्ही कुठून बोलून राह्यले?’

‘जालन्याहून.’

‘अगं बाई! मी राजूरची, जालन्याजवळचीच!’ संपला की पाक! ‘थांबा काका, फोन ठेवू नका. तुमचा स्क्रीन मला दिसू द्या, आपण ओळ अन ओळ पाहू.’

अन बसलो आम्ही, ती तिकडं, मी हिकडं. ही पाटी उघड, ती पाटी मिट... अन एकदम किंचाळली, ‘काका! तारीख पाहा, तारीख!’ आवं, आपण बारा-सहा लिहिलं, म्हंजे बारा जून, बराबर? अन हा बाबा महिना आधी वाचतो, अमेरिकेसारखा! त्यानं वाचलं, सहा डिसेंबर! म्हंजे जुने भाव अकरा जूनलाच संपले, अन नवे येणार थंडीत!

भुजंगराव म्हणत्यात, ‘मंग आम्ही डिसेंबरापस्तोर हितंच बसू का?’

‘जरा दम धरा, भाऊ,’ भार्गवी फोनवरून म्हणली. तारीख उलटी केली, एक बटण दाबलं... अन आला! वायरीला वायरीचा भाव! मी असा वरडलो की घरात पाळणा हलला जणू. बिल निघालं, मेकॅनिकनं जल्दी जल्दी वायर बसवली. तुळजाबाई तेवढ्या नव्या गाडीतून उतरंनात, ‘हितं गार लागतंय बाबा!’ ओढूनच काढलं त्यांना. मीना जाताना ‘काका, येते हं’ म्हणून हासली... लई बरं वाटलं हो!

संध्याकाळी भुजंगरावांचा फोन. मागं सनई. ‘पोचलो टायमावर, बेस झाला साखरपुडा!’ म्हणलं, आता आभार मानणार माणूस! तं म्हणत्यात, ‘सोमेश्वरराव, ते बिल हितं व्याह्यांनी पाह्यलं... म्हणत्यात, अंबडला ही वायर निम्म्यात भेटती!’

दिवसभर भाव लागंना म्हणून घाम गाळला... अन लागला, तं तो कोणाला पटंना!